गोड खात नाही, तरी दाढ किडली! : दातांच्या डॉक्टरांना विचारा

संक्रांत झाली, सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उरकत आली आणि टेबलावर पत्रांचा गठ्ठा चढला. दरवर्षीचंच आहे हे. तिळगूळ, गुळाची पोळी, हुरडा, जत्रेतलं अरबट-चरबट सगळं महिनाभरात पोटात जातं आणि त्यातलं थोडं दातांतच मुक्काम करतं. निम्मी पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, म्हणून पहिल्या उत्तरात मी जरा रेंगाळले आहे. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे यंत्रमाग आहेत. घरात मधुमेह आहे म्हणून मी मिठाई, आइस्क्रीम, चॉकलेट कधीच बंद केलं. रोज सकाळी न चुकता ब्रश करतो. तरी तीन दाढा किडल्या, एकीचं रूट कॅनल झालं. धाकटा भाऊ पंगतीत दहा-दहा जिलेब्या हाणतो, त्याची एकही दाढ किडलेली नाही. हा कुठला न्याय? (यंत्रमागधारक, वय ४४)

दादा, तुमच्या अख्ख्या पत्रात चहाचं नाव नाही. सोलापुरात चहाला कुणी खाण्यापिण्यात धरतच नाही, त्यामुळे तुम्ही मुद्दाम लपवलंय असंही मी म्हणणार नाही. पण मागाचे कारखाने मी आतून पाहिलेत. शटर उघडलं की चहा, सूतवाला आला की चहा, वीज गेली की वेळ जाईना म्हणून चहा, वीज आली की आता कामाला लागू म्हणून चहा. सोबत बशीत ग्लुकोजची बिस्किटं. म्हणजे मिठाई बंद आहे, पण साखर चालूच आहे, आणि तीही हप्त्याहप्त्यानं.

हे हप्तेच दातांना नडतात. दातावर जिवाणूंचा एक चिकट पातळ थर कायम असतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो. नखानं दात खरवडला की पांढरट, पिठूळ येतं ते हेच. साखर मिळाली की हे जिवाणू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा उतरला की आम्ल वाढलं) एरवी ७ च्या आसपास असतो. गोड घोट गेला की काही मिनिटांतच त्या थरातला पीएच ५.५ च्या खाली उतरतो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातली, कॅल्शियम, फॉस्फेट ही खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ कामाला लागते, आम्ल निवळते, गेलेली खनिजं थोडीफार परत बसवते. या दुरुस्तीला अर्धा ते एक तास लागतो. तुमच्या मागावर धागा तुटला की कामगार लगेच गाठ मारतो आणि कापड नीट निघतं. पण पहिली गाठ मारायच्या आत दुसरा, तिसरा, चौथा धागा तुटत राहिला तर कापडाचं काय होईल ते तुम्ही मला सांगा.

तुमचा भाऊ दहा जिलेब्या खातो, पण एका बैठकीत, जेवणासोबत, लाळ भरपूर सुटलेली असताना. त्याच्या दातांवर आम्लाचा मारा एकदाच होतो. तुमच्यावर सकाळपासून सात-आठ वेळा. (भावाला हे वाचून दाखवू नका. त्याच्या जिलेब्यांचा हिशेब मधुमेहाच्या डॉक्टरांकडे वेगळा होईल.)

हे पूर्वी माणसांवर तपासून झालेलं आहे. स्वीडनमध्ये १९४५ नंतर काही वर्षं विपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांच्या दातांवर लक्ष ठेवलं. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी चघळायला दिलेल्यांचे दात मात्र भराभर किडले. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं, आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही. आम्ही दातांचे डॉक्टर ‘मधल्या वेळेत चघळू नका’ असं जे सांगत असतो, त्याचा मोठा आधार मात्र तोच आहे.

चहा सोडा असं मी सांगत नाही. सोलापुरात असं सांगणाऱ्या डॉक्टरला दवाखाना बंद करून घरी बसावं लागेल. गोड चहा दोनदाच घ्या, नाश्त्याला एक आणि संध्याकाळच्या खाण्यासोबत एक. मधले सगळे बिनसाखरेचे. घेतलेला कप पाच मिनिटांत संपवा. टेबलावर ठेवून फोनवर बोलता बोलता तासभर घोट घेत बसू नका. वर एक घोट पाणी तोंडात खुळखुळवा आणि गिळून टाका. बिस्किटाऐवजी भाजके शेंगदाणे ठेवा. बिस्कीट मऊ असतं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण मैदा आणि साखरेचा तो लगदा दाढेच्या खाचेत बराच वेळ बसून राहतो.

आणि तुम्ही फक्त सकाळी ब्रश करता. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, म्हणजे रात्री दातांना पहारेकरी नसतो. दोन्हीपैकी एकदाच घासायचा तुमचा हट्टच असेल तर रात्री घासा, फ्लोराइड असलेल्या पेस्टनं, दोन मिनिटं. नंतर फेस थुंकून टाका आणि भराभर चुळा भरू नका. फ्लोराइड दातांवर राहायला हवं. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा सल्ला तरी लोकांनी आनंदानं ऐकावा.

आमच्याकडे बारा महिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सासरे म्हणतात, त्यानंच दात मजबूत राहतात. माझ्या उजव्या बाजूला मात्र दर जेवणाला कण अडकतो आणि सेफ्टी पिननं काढावा लागतो. कडक भाकरी बंद करू का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

ताई, भाकरीनं काही बिघडवलेलं नाही. ज्वारीची कडक भाकरी नीट चावावी लागते, चावताना लाळ सुटते, आणि शेंगदाण्यात दात किडवण्याइतकी साखर नसते. बिस्किटापेक्षा तुमचं जेवण दातांना कितीतरी बरं.

मला खटकतंय ते ‘उजव्या बाजूला’ आणि ‘दर जेवणाला’. कण कधी इथं, कधी तिथं अडकला तर त्याचं काही नाही. रोज एकाच जागी अडकतो तेव्हा तिथं काहीतरी झालेलं असतं: दोन दाढांच्या मध्ये लागलेली कीड, जुन्या फिलिंगची निघालेली कड, आडवी आलेली अक्कलदाढ, किंवा शेजारचा दात काढल्यावर कललेला दात. दोन दाढांमधली कीड आरशात दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसते. तोवर घरच्या घरी एक परीक्षा करा. मेडिकलमधून फ्लॉसची डबी आणा आणि त्या फटीतून दोरा अलगद खाली-वर करा. दर वेळी तिथंच दोरा पिंजत असेल किंवा तुटत असेल तर कड खरखरीत आहे, आणि मग महिनाभर थांबू नका.

पिन, सुई, आगपेटीची काडी, कानातल्या रिंगेची तार (हो, तेही पाहिलंय) यांनी हिरडी फाटते आणि अडकण्याची जागा आणखी मोठी होते. फट मोठी असेल तर फ्लॉसपेक्षा दातांच्या फटीचा बारीक ब्रश चांगला. बाटली धुवायच्या ब्रशचं ते छोटं पिल्लू, मेडिकलमध्ये मिळतं.

सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा: रूट कॅनल करून वर कॅप न बसवलेली दाढ त्यांच्या तोंडात आहे का? अशी दाढ ठिसूळ झालेली असते आणि कडक भाकरीवर ती उभी चिरलेली मी बऱ्याचदा पाहते. चावताना, विशेषतः दाब सोडताना, क्षणभर कळ येत असेल तर ती दाढ तडकलेली असू शकते. ती दाखवेपर्यंत त्यांनी भाकरी आमटीत कुस्करून खावी. चवीला काही कमी नाही ती.

सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, आता वय ६१. दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. नाही लावली तर पोट साफ होत नाही, हिरड्या ठणकतात, असं म्हणतात. आता गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतोय. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. माझे मिस्टर तंबाखू खात नाहीत, फक्त सुपारी चघळतात. (सून, कुंभारी)

आधी चट्टा. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, फोड, जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर ती डॉक्टरला दाखवायची. दुखत नसेल तरी. दुखत नाही म्हणूनच बाया थांबतात. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, बरेचसे नसतात, पण कोणता आहे आणि कोणता नाही हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही, छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. ‘तुकडा काढला की पसरतं’ हे विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. वेळ गेल्यानं पसरतं. खासगीत परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये दाखवा.

त्यांना आणायचं कसं, हा खरा प्रश्न. चट्ट्याचं नाव काढू नका, कॅन्सरचं तर नाहीच. त्या हिरड्या ठणकतात म्हणतात ना, तेच निमित्त करा: ‘आत्या, ठणक्यावर औषध घेऊन येऊ.’ आल्या की पुढचं मी किंवा माझ्यासारखी कुणीही बघेल.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. भाजल्यानं तंबाखूचा गुण जात नाही, निकोटीन त्यात असतंच. पोट साफ होण्याचं त्या खोटं सांगत नाहीत. निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते आणि वर्षानुवर्षांनी शरीर त्याच्यावर अडून बसतं. म्हणून ‘सोडा हो ते घाण’ असं म्हणून काही होणार नाही, सकाळी पोटाची सोय आधी लावावी लागेल. उठल्यावर कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, पपई, अंगणात चार फेऱ्या. ठणक्याचंही कारण मिश्रीतच आहे. जिथं ती रोज घासली जाते तिथली हिरडी मागं सरते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि ते शिवशिवतं.

एकदम सुटेल अशी आशा धरू नका. दिवसातली सर्वांत सोपी वेळ आधी सोडायची, बहुधा दुपारची, जी नुसती बसल्या बसल्या लावली जाते. सकाळची शेवटी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. फोन तुम्ही लावून द्या आणि बोलू त्यांना द्या.

आता मिस्टर. ‘फक्त सुपारी’ असं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सरकारक ठरवली आहे. सुपारीनं गालाची आतली त्वचा दोरखंडासारखी ताठ होत जाते, तिखट सहन होत नाही, आणि मग तोंड उघडेनासं होतं. त्यांना आजच स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर सासूबाईंच्या सोबत त्यांनाही घेऊन या.

यंत्रानं दात साफ केले की ते सैल होतात म्हणतात. खरं का? (दुकानदार, नवी पेठ)

नाही. सैल दातांना जमलेल्या दगडासारख्या कीटणाचा टेकू असतो. कीटण काढलं की आधीपासूनचं सैलपण जिभेला कळतं आणि शिव्या यंत्राला बसतात. कीटण ठेवलं तर खालचं हाड झिजत राहतं. ब्रश करताना रक्त येतं म्हणून ती बाजू घासायची सोडलीत, असंही लिहिलंय, उलट करा. मऊ ब्रशनं तिथंच नीट घासा. साध्या हिरडीच्या सुजेतलं रक्त आठवड्याभरात कमी होतं. झालं नाही तर या.

मुलगा दोन वर्षांचा, दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो. वरचे पुढचे दात तपकिरी झालेत. मुलगी सहाची, तिच्या अगदी मागच्या दाढेवर काळी रेघ आहे. घरात सगळे म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत. (आई, विजापूर रोड)

‘पडणारच आहेत’ हे खरं, पण कधी? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोपर्यंत पोरानं जेवायचं कशानं?

मुलाचं कारण बाटलीच, आणि बाटलीतल्या दुधात साखर घालत असाल तर दुप्पट. झोपेत दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेमुळे वाचतात, म्हणून ते तुम्हाला पांढरे दिसतायत. आधी साखर बंद करा. मग रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, आणि शेवटी बाटलीत नुसतं पाणी. दोन-चार रात्री रडारड होईल, आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती रात्री दोन वाजता दूध गरम करेल. रात्रीचं शेवटचं दूध कपानं, त्यानंतर ब्रश. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लांब पेस्ट पसरलेली असते, ती पेस्ट विकण्यासाठी.

मुलीच्या दाढेकडे मात्र आधी लक्ष द्या. पुढच्या मधल्या दातापासून मागं मोजत जा. सहावा आला का? मग ती दुधाची नाहीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागं कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कुणाला कळतच नाही. ती आयुष्यभर पुरवायची आहे. रेघ नुसती खाचेत साठलेल्या डागाची असेल तर खाच बुजवून टाकता येते, दुखतही नाही. कीड असेल तर लहान असतानाच फिलिंग. आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसानं आपल्या हातानं करायचा. स्वतः करते म्हणते ती नुसता ब्रश चावते.

श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र सगळं करते. उपवासाला तोंडाला वास येतो, लोकांशी बोलायची लाज वाटते. ब्रश केला तर उपवास मोडतो का? (निवृत्त शिक्षिका)

बाई, मोडतो की नाही ते गुरुजींना विचारा, त्यात मी पडत नाही. पेस्टची शंका असेल तर नुसता ओला ब्रश फिरवा, जिभेवरून स्टीलची पट्टी ओढा. वास मुख्यतः जिभेच्या मागच्या भागावरच्या थरातून येतो, आणि चावणं बंद असलं की लाळ सुटत नाही, तो थर वाळतो. पाणी चालत असेल तर घोट घोट घेत राहा.

पण आपला उपवास बहुतेक वेळा उपाशी राहण्याचा नसतोच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, अकराला राजगिऱ्याचा लाडू, मग खजूर, मग शेंगदाण्याची चिक्की, मध्ये गोड चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, दाढेला बसला की निघत नाही. यंत्रमागवाल्या दादांना दिलेलं उत्तर तुम्हीही वाचा. उपवासाचं जे काही खायचं ते दोन बैठकींत खा, नंतर खळखळून चूळ भरा. उपवास नसतानाही वास राहिला तर हिरड्या तपासून घ्या आणि रक्तातली साखरही.

सांगोल्याला आमची डाळिंबाची बाग आहे. हंगामात रोज फळ आणि रस, उन्हाळ्यात लिंबू सरबत. दात आंबतात, गार पाण्यानं सणक जाते. आंबले की लगेच घासतो, राखुंडीनं, तरी वाढतच चाललंय. (शेतकरी)

काका, घासता त्यामुळेच वाढतंय. आंबट रसानं इनॅमलचा वरचा थर काही वेळ मऊ पडलेला असतो. त्यावर राखुंडी म्हणजे मऊ दातावर पॉलिश पेपर. आंबट खाल्लं की साध्या पाण्यानं चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नका. राखुंडी आणि खरखरीत मंजन कायमचं बंद, कडक ब्रशही.

डाळिंब खा की, घरचं पीक आहे. दाणे जेवणासोबत खाल्ले तर फार बिघडत नाही. रस मात्र चटकन प्या, तोंडात घोळवू नका, स्ट्रॉ वापरली तर उत्तम. लिंबू सरबताची बाटली बागेत दिवसभर तोंडाला लावायची सवय असेल तर ती सोडा. तहानेला साधं पाणी. सणकेसाठीची पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मेडिकलमध्ये मिळते, तिचा गुण यायला काही आठवडे जातात, चार दिवसांत फेकून देऊ नका. हिरडीजवळ दाताला नखानं जाणवेल अशी खाच पडली असेल तर ती भरून घ्यावी लागेल.

गिरणीतून निवृत्त झालो, दोन्ही कवळ्या आहेत. दातच नाहीत तर घासायचं काय? रात्री कवळी काढली की नातवंडं हसतात, म्हणून घालूनच झोपतो. हल्ली ती हलते आणि टाळूला आग होते. (वय ७४)

आजोबा, आग होते ती बहुधा रात्री घालून झोपल्यानंच. कवळीखाली टाळूला हवा लागत नाही, लाळ पोचत नाही, आणि तिथं बुरशी धरते. नातवंडांना हसू द्या की. रात्री कवळी काढा, मऊ ब्रश आणि अंगाच्या साबणानं घासा आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवा. घासताना खाली बादलीत पाणी ठेवा, हातातून निसटली तर फरशीवर पडून तुटणार नाही. उकळतं पाणी वापरू नका, कवळी वाकते. टूथपेस्टही नको, तिनं चरे पडतात. हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ फडक्यानं पुसून घ्या. घासायचं ते एवढंच.

हलते त्याचं कारण, दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजतं आणि कवळी आहे तेवढीच राहते. बहुतेक वेळा नवी करावी लागत नाही, आतून नवा थर देऊन घट्ट बसवता येते. टाळूचा लालपणा आधी बरा होऊ द्यावा लागेल, म्हणून येण्याआधी आठवडाभर रात्री काढून झोपा. आणि येताना कवळी रुमालात गुंडाळून आणू नका, घालूनच या. ती बोलताना कशी हलते, तेच मला बघायचंय.